नणंदेच्या ताटातली लाख

माझ्या नणंदबाई घोडपदेवला राहतात आणि आम्ही लालबागला. मधलं अंतर म्हणाल तर चालत आलं तरी चप्पल गरम होत नाही. तरीही ताई गेलं वर्षभर आमच्याकडे फिरकल्या नव्हत्या, आणि कारण काय, तर मी त्यांना नर कुर्ली वाढली होती.

हसू नका. आमच्या घरात वर्षभर कोणी हसलं नव्हतं.

ज्यांना कुर्ल्यांमधलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. कुर्ली म्हणजे खेकडा. ती उताणी केली की पोटावर एक झडप दिसते. नराची निमुळती, मादीची रुंद. नराचे नांगे दांडगे, मादीचे बेताचे. आणि मादीचे दिवस भरत आले की कवचाच्या आत केशरी लाख धरते. लाख म्हणजे तिची अंडीच, अजून बाहेर न आलेली. शिजली की घट्ट होते, आणि मालवणी घरात तिच्यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या ताटात हात घालतात.

माझ्या सासूबाईंनी या भांडणावर कायमचा तोडगा काढून ठेवला होता. लाखेची कुर्ली माहेरवाशिणीची, विषय संपला. माहेरवाशीण म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. ताई यायच्या त्या शक्यतो अमावास्येच्या सुमारास, कारण अमावास्येला कुर्ली भरलेली असते आणि पुनवेला पोकळ, असं आमच्याकडे सगळे शपथेवर सांगतात. टोप उतरला की सासूबाई त्यात डाव घालून अशा काही ढवळायच्या, की जणू हरवलेली अंगठी शोधतायत. नेमकी लाखेची पाठ वर यायची आणि लेकीच्या ताटात पडायची. माझा नवरा समोर बसून बघत राहायचा. पन्नाशी उलटली तरी बघत राहायचा.

मी मूळची गिरगावची. आमच्या माहेरी वडील, काका सगळे कारकून. चिंबोरी यायची, पण तीसुद्धा साहेबासमोर फाईल उघडावी तशी, आवाज न करता खायची. कुर्ली हा शब्द मी लग्नानंतर शिकले आणि ती खाताना रस्सा कोपरापर्यंत ओघळला नाही तर ती खाल्लीच नाही, हेही लग्नानंतरच शिकले. पण शिकले ते असं शिकले, की आता मला कोणी शिकवायला येऊ नये.

सासूबाई गेल्या. टोप माझ्याकडे आला, डाव माझ्याकडे आला, आणि मी माझा कायदा काढला.

का काढला तेही ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल मला नणंदेवर सूड उगवायचा होता. एका रविवारी बाजारातून आणलेल्या कुर्ल्या नळाखाली धूत होते. एक उलटी केली तर झडपेखाली अंड्यांचा हा एवढा पुंजका. खसखशीएवढी बारीक, एकाला एक चिकटलेली. ती कुर्ली बिचारी आधीच मेली होती, तिला परत कुठे सोडणार? शिजवली. पण जेवताना माझ्या घशाखाली घास उतरेना, आणि मला जेवण सोडावं लागलं की माझं डोकं फिरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर मी जाहीर केलं, या घरात अंडीवाली येणार नाही, लाखेची येणार नाही, आणि माझ्या पंजाहून लहान तर अजिबात येणार नाही.

"मग कोंबडीची अंडी कशी चालतात?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या ताटलीत तेव्हा ऑम्लेट होतं.

"कोंबड्या संपत आल्यात का?" मी म्हटलं. "कुर्ल्या बघ जरा. लग्न होऊन आले तेव्हा एका कुर्लीत टोप भरायचा. आता झुरळालाही लाज वाटेल असली पोरं विकायला ठेवतात. त्यात पोटुशा खायच्या. उद्या काय, नुसती कवचं चोखणार आहेस?"

त्याने ऑम्लेट संपवलं आणि स्वतःची ताटली स्वतः धुतली. तो शहाणा माणूस आहे, फक्त कधीकधी विसरतो.

मग मी बाजारातून घेणं सोडलं आणि माहीमच्या कोळीवाड्यात एक कोळीण गाठली. तिचा नवरा खाडीत गोल जाळ्यांत मासळीची डोकी बांधून सोडतो आणि एकेक कुर्ली जिवंत वर काढतो. मी तिला माझा कायदा सांगितला. तिने कमरेवर हात ठेवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सगल्या मुंबैला लाख पायजेल, नि तुला एकलीला नको? उपास हाय काय?"

"उपास नाही. नियम आहे."

"भायेर अंडी आलेली आमचा मानूस पन सोडतो. पन लाखेची सोडली तर आमी काय खायाचा, तुजा नेम?"

तिच्या पाटीपाशी तिचं खरं होतं, माझ्या टोपापाशी माझं. पण नर बाजूला काढून ठेवायला तिची हरकत नव्हती, आणि तेव्हापासून ती मला 'नरवाली बाई' म्हणते. भर कोळीवाड्यात म्हणते, मोठ्याने. ऐकणाऱ्यांना काय वाटत असेल ते वाटो.

तर गेल्या वर्षी ताई आल्या त्या या कायद्याखाली सापडल्या. मी छान दांडगे नर आणले होते. भाजलेल्या खोबऱ्याकांद्याचं वाटण, घरचा मसाला, आमसूल. बारीक पाय मिक्सरला फिरवून, गाळून, तो रस रश्श्यात. सगळ्यांना एकेक पाठ, एकेक नांगा, अगदी बरोबरीने. ताईंनी कवच उघडलं. आत बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत आत बघितलं. मग भात अर्धा टाकून उठल्या, हात धुतले आणि लिफ्टपाशी जाऊन म्हणाल्या, "आई गेली आणि या घरातली लाख पण गेली."

मी काय गप्प बसणारी आहे? म्हटलं, "लाख कुठे गेली नाही ताई, खाडीत सुखरूप आहे."

लिफ्टचं दार बंद झालं.

मी आजही म्हणते, माझं बरोबर होतं. पण बरोबर असून घरात काय सुख मिळतं ते मला विचारा. गणपतीला ताई आल्या नाहीत. लालबागमध्ये राहणाऱ्या माणसाकडे गणपतीला अख्खं गाव येतं, ओळख नसलेले चहा पिऊन जातात, आणि सख्खी बहीण नाही. भाऊबीजेला नवरा स्वतः घोडपदेवला गेला. ताईंनी ओवाळलं, पण फराळाचं ताट पुढे केलं नाही. घरी येऊन तो टीव्ही न लावता खुर्चीत बसून राहिला.

"तुझा नियम ठेव तू," तो म्हणाला. "पण मला एकच बहीण आहे."

त्याच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता, त्यामुळे फार वाईट वाटलं.

आणि मग एके दिवशी ताईंचाच फोन आला. रागात असल्या की ताईंची मालवणी सुटते, एरवी त्या आपल्या मुंबईच्या मराठीत बोलतात. फोनवर मालवणीच होती. "ह्या अवशेक येतंय. कुर्ल्यो कर. आयेसारख्यो वाढशीत तर वाढ, नायतर आत्ताच सांग. परत काय मी तुझो उंबरो चढूचंय नाय."

म्हणजे या अमावास्येला येते, आईसारखं वाढणार असशील तर, नाहीतर हे शेवटचं. मी "या, ताई" म्हटलं आणि फोन ठेवला. आता काय करायचं ते मला खरंच कळत नव्हतं. एका बाजूला माझा शब्द, दुसऱ्या बाजूला नवऱ्याची बहीण.

नवऱ्याला मात्र कळलं होतं. अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी तो ऑफिसमधून आला तो डब्याची पिशवी छातीशी धरून, आणि सरळ बाथरूममध्ये गेला. डब्याची पिशवी घेऊन बाथरूममध्ये कोण जातं? मी दाराबाहेर उभी राहिले. आतून बादलीत खरखर ऐकू आली.

"बाहेर ये," मी म्हटलं.

"अंघोळ करतोय."

"पाण्याचा आवाज येत नाही. कुर्लीचा येतोय."

दार उघडलं. बादलीत एक भलीमोठी मादी, नांगे सुतळीने बांधलेले, डोळे बाहेर काढून आमच्या दोघांकडे बघत होती. रुंद झडप, जड पोट, बघताक्षणी कळत होतं की काठोकाठ भरलेली आहे. नवरा माहीमला जाऊन माझ्याच कोळणीकडून तिला घेऊन आला होता. कोळणीने त्याला सांगितलंही होतं म्हणे, "तुजी बायको तुला खाडीत टाकल." तरी त्याने घेतली. तेवढं त्याचं धैर्य मी मान्य करते.

"एकदाच गं," तो म्हणाला. "ताईसाठी. तू डोळे मीट, मी शिजवतो."

"तू? तुला कुकरची शिट्टी मोजता येत नाही."

"मग काय करू?"

त्या कुर्लीने तेवढ्यात तोंडातून बुडबुडे काढले. खोटं कशाला सांगू, क्षणभर माझ्याही जिभेला पाणी सुटलं. एवढी भरलेली कुर्ली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. पण म्हणूनच ती शिजवायची नव्हती. मी त्याला चहासुद्धा दिला नाही. कुर्लीसकट पिशवी त्याच्या हातात परत दिली आणि म्हटलं, जिथून आणलीस तिथे सोडून ये.

तो गेला. बिचारा टॅक्सी करून गेला. माहीमच्या खाडीवर कोळणीकडून कात्री मागून घेतली, सुतळी कापली, आणि तिला चिखलात उतरवली. घरी आला तेव्हा पॅन्ट गुडघ्यापर्यंत काळी.

"सोडली," तो म्हणाला. "जाताना मला चावायला बघत होती. कोळीण हसून हसून पाटीवर पडली. तुझ्यासाठी दोन नर दिलेत." मग बुटाची लेस सोडता सोडता थांबला. "ताईला उद्या काय घालणार आहेस?"

"लाख," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर ते वाक्य तोंडातून निघून गेलं तेव्हा माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. पण मी एकदा बोलले की मला मागे जाता येत नाही. हा माझा स्वभाव आहे, आणि त्याचा त्रास मलाच सगळ्यात जास्त होतो.

सकाळी ओटा रिकामा करून कामाला लागले. अंडी उकडली, त्यातले बलक कुस्करले. कोळंबी आणली, ती बाजूला ठेवून नुसती डोकी पिळली. त्यातून जो केशरी रस निघतो तो तव्यावर आटवला. चमचाभर बेसन तुपावर खमंग भाजून घातलं, चिमूटभर हळद, चिमूटभर तिखट. मळून गोळा केला. रंग अगदी तोच. वास समुद्राचाच. चाखून पाहिलं तर लाख नव्हे, पण लाखेची मावसबहीण नक्की शोभली असती. मी स्वतःवर इतकी खूश झाले की गाणं म्हणायला लागले. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघून गेला. मग देवापाशी अगरबत्ती लावली.

दोन नरांपैकी मोठ्याची पाठ उघडली, साफ केली, त्यात माझी लाख दाबून भरली आणि परत झाकून दोऱ्याने बांधली. झडप आठवणीने काढून टाकली. पुरावाच नको! मग सगळं रीतसर टोपात गेलं. इमारतीच्या मजल्यामजल्यावर वास गेला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन करून विचारलं, "आज कोण येतंय गं?"

ताई आल्या. कडक इस्त्रीची साडी, हातात पर्स, चेहरा बंद. पाहुणीसारख्या सोफ्याच्या कडेवर बसल्या. पाणी दिलं तर "थँक्यू" म्हणाल्या. आमच्या घरात थँक्यू! नवऱ्याचं तोंड इतकं उतरलं की मला त्याला कुशीत घ्यावंसं वाटलं.

पानं वाढली. भात, वडे, सोलकढी. मी टोपात डाव घातला, सासूबाईंसारखं ढवळलं, नाटक पूर्ण वठवलं, आणि ती भरलेली पाठ वर काढून ताईंच्या ताटात ठेवली. दोरा आधीच हळूच ओढून घेतला होता. आणि एवढ्यावर थांबले असते तर मी जिंकले होते. पण मला प्रेमाचा उमाळा आला. वर्षभराने आल्यात, म्हटलं, काही कमी पडू नये. म्हणून त्याच कुर्लीचे दोन्ही नांगे, माझ्या मनगटाएवढे, त्या पाठीच्या दोन बाजूंना नीट मांडून दिले.

ताईंनी कवच उचललं. लाख दिसली. भुवया वर गेल्या. बोटाने एक घास काढून तोंडात घातला, डोळे मिटले, चावला. नवरा श्वास धरून बसला होता. दुसरा घास. तिसरा. मग एक नांगा उचलला, हातात तोलून पाहिला. दुसरा उचलला. दोन्ही नांगे हवेत धरून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या,

"ह्यो बाप्यो कधी बाळंत झालो गो?"

पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठी वाढलेल्या घरातल्या बाईला मी नराच्या नांग्यांबरोबर लाख वाढली होती! गिरगावचं रक्त, दुसरं काय. नवरा मान खाली घालून सोलकढीच्या वाटीत बघत राहिला. मला वाटलं, आता पर्स उचलतात. आता लिफ्ट.

"नियम मोडायचा नव्हता," मी म्हटलं. "आणि तुम्हाला दुखवायचं नव्हतं. म्हणून केलं. अंडी, बेसन आणि कोळंबीची डोकी आहेत. रागवायचं तर रागवा."

ताईंनी नांगे खाली ठेवले. माझी बनावट लाख परत एकदा चाटली.

"ही बरी आहे," त्या म्हणाल्या, आणि मालवणी गेली होती. "दाताला चिकटत नाही. खरी लाख मला कधीच आवडली नाही."

"काय?" नवऱ्याचा आवाज फुटला. "आणि मी जन्मभर तुझ्या ताटाकडे बघत बसलो? मला द्यायची होतीस ना!"

"तुला कशाला देऊ? आई सगळ्यांना सोडून माझ्या ताटात घालायची ती. नको असली तरी माझी होती."

"मग गेल्या वर्षी रुसलात कशाला?" मी विचारलं. आता माझाही आवाज चढला होता. "वर्षभर हा माणूस झोपेत कूस बदलतोय. काल चिखलात उतरलाय. मी सकाळपासून कोळंबीची डोकी पिळतेय. आणि तुम्हाला लाख आवडतच नाही?"

ताईंनी कवच ताटात पालथं घातलं. मग ताटातल्या भाताकडे बघत म्हणाल्या, "तू सगळ्यांना एकसारखं वाढलंस. मला वाटलं, आई गेल्यावर या घरात माझं असं वेगळं काही राहिलंच नाही."

मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्यावर ओरडले. "हे बोलायला तोंड नव्हतं तुम्हाला? लिफ्टपाशी बरं सुचलं होतं!"

आणि ताई हसल्या. वर्षभराचं साठलेलं हसू असावं, कारण ठसका लागला, सोलकढी पाजावी लागली, डोळ्यांतून पाणी आलं ते पदराने पुसलं, आणि इस्त्रीच्या साडीवर रश्श्याचा ओघळ गेला तरी त्यांनी पाहिलं नाही.

"पुढच्या अवसेला काय आणायचं ते आण," ठसका थांबल्यावर त्या म्हणाल्या. "नर आण, बोंबील आण. पण पहिला डाव माझ्या ताटात."

"कबूल," मी म्हटलं.

"आणि मला?" नवरा म्हणाला.

"तू गप रे," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मग ताई उठल्या. हात न धुताच टोपापाशी गेल्या, माझ्या हातातला डाव काढून घेतला आणि मला त्यांच्या शेजारच्या पानावर बसवलं. "तू कधीची उभी आहेस," म्हणाल्या. टोपात बराच वेळ ढवळून त्यांनी दुसऱ्या कुर्लीचा मोठा नांगा शोधून काढला आणि माझ्या ताटात ठेवला. या घरात सून म्हणून आले तेव्हापासून माझ्यासाठी कोणी टोपातून निवडून काही वाढलं नव्हतं. मी त्या नांग्याकडे नुसती बघत राहिले. शेवटी ताई ओरडल्या, "अगं थंड होतंय, खा की!" तेव्हा खाल्ला.